रक्त पातळ करणारी गोळी आणि आतल्या रक्तस्रावानं दबलेली नस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. शहराच्या पूर्व भागात माझं छोटं क्लिनिक आहे. यंत्रमागावर उभं राहून गुडघे झिजलेले कामगार, विड्या वळून मान आखडलेल्या बायका, लकव्याचे पेशंट असे रोजचे लोक येतात. त्यात मधूनच एखादा पेशंट ‘पाय लुळा पडलाय, व्यायाम सांगा’ म्हणत येतो. त्याच्या पिशवीत रक्त पातळ करण्याची गोळी असते आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या जांघेत किंवा कुल्ल्यात रक्त साठलेलं असतं. तोवर नस दबून बराच काळ गेलेला असतो. माझ्या सख्ख्या आत्याला हेच झालं आणि तिच्या वेळी चूक माझी होती. ती पुढे सांगितली आहे. मला पेशंट आणि नातेवाईक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. गोळीचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

‘नस’ म्हणजे इथे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. सलाईन लावताना सिस्टर ‘नस सापडत नाही’ म्हणतात ती रक्ताची शीर. ‘कंबरेत नस दबली’ म्हणतो ती मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणारी, म्हणजे मज्जातंतू. इथे नस म्हणजे ही दुसरी. रक्ताची बारीक शीर फुटते, रक्त बंदिस्त जागेत साठतं आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला दाबतं. एवढीच या दुखण्याची गोष्ट.

हा शब्दांचा घोळ साधा नाही. ‘गोळी नसांसाठी दिलीय’ एवढंच लक्षात ठेवलेले पेशंट मी पाहिले आहेत. पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यांच्यातल्या एकानं तीच गोळी दोन दिवस दुप्पट घेतली होती.

माझी गोळी त्यातली आहे का?

गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं नाव बघा. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल असेल तर आहे. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांना आपल्याकडे बहुतेक ॲसिनोकुमारॉल देतात, आणि या दोन्ही गोळ्यांसाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन ही नवी औषधंही रक्त पातळ करणारीच आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना ती देतात. त्यांना आयएनआर लागत नाही, म्हणून पेशंटला वाटतं की त्यांचा धोकाही नाही. तो असतो. पोटावर टोचायची हेपरिनच्या जातीची इंजेक्शनंही यातच येतात.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल थोडी वेगळी. ती रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. एकट्यानं त्यांचा धोका कमी असतो, पण वरच्या एखाद्या गोळीसोबत घेतली तर वाढतो.

एक गोष्ट आजच बघा. ॲसिनोकुमारॉल १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दुकानात ‘तीच गोळी द्या’ म्हटलं आणि १ ऐवजी ४ ची पट्टी आली, असं घडतं. रिकामी पट्टी सोबत न्या आणि आकडा स्वतः जुळवून बघा.

ही उंदीर मारायच्या विषाची गोळी आहे, असं ऐकलं. खरं का?

हो, वॉरफरिन १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी विकलं गेलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं. मुळात अमेरिका-कॅनडात १९२० च्या दशकात बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा वाळका चारा खाऊन गुरं आतल्या आत रक्त जाऊन मरायला लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध घेता घेता हे औषध सापडलं. ते जीवनसत्त्व ‘के’चं काम अडवतं आणि त्यामुळे यकृतात रक्त गोठवणारे घटक नीट तयार होत नाहीत. सगळा खेळ मापाचा आहे. योग्य मापात हीच गोळी झडपेवर गुठळी होऊ देत नाही आणि लकवा टाळते. भीतीपोटी ती सोडलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत, म्हणून हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही.

पडलो नाही, मार लागला नाही, मग आत रक्त येतंच कसं?

आपल्या स्नायूंमधल्या बारीक शिरा रोज कुठे ना कुठे तुटत असतात. खोकल्याची उबळ, घागर उचलताना बसलेला हिसका, गाडीवरून खड्ड्यात आदळणं, एवढंही पुरतं. एरवी रक्त तिथल्या तिथे गोठून थांबतं आणि आपल्याला कळतही नाही. गोळी चालू असताना ते थांबायला वेळ लागतो. आयएनआर मर्यादेपेक्षा वर असेल तर फारच वेळ लागतो. नेहमीच्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. ठोके अनियमित असणाऱ्यांचा २ ते ३ मध्ये आणि मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) यांत्रिक झडप असणाऱ्यांचा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. आकडा मर्यादेत असूनही असा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ‘परवाचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

जांघेतला रक्तस्राव कसा ओळखायचा?

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून सविस्तर सांगते.

पोटाच्या मागच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या बशीत इलिॲकस नावाचा स्नायू असतो आणि त्याला लागून मणक्याकडून येणारा सोअस. मांडी पोटाकडे उचलण्याचं काम हे दोघं करतात. या दोघांच्या मधल्या खाचेतून मांडीची मोठी नस, फेमोरल नर्व्ह, खाली उतरते. वरून एक घट्ट पडदा असतो. तो फारसा ताणला जात नाही. त्याच्या आत रक्त साठलं की नस दाबली जाते आणि तिचा स्वतःचा रक्तपुरवठाही तुटतो.

माझी आत्या विड्या वळायची. लहानपणी घसा सुजून संधिवाताचा ताप आला, त्यानं झडप खराब झाली आणि पुढे यांत्रिक झडप बसवली. त्या जानेवारीत तिला आठवडाभर खोकला होता. एके दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, ‘अगं, जांघेत लई दुखलालंय, पाय सरळ होईना.’ मी म्हटलं, ‘आत्या, दिवसभर मांडी घालून बसतेस, कंबर धरली असेल. शेक घे, सकाळी बघू.’ तिची गोळी मला माहीत होती. रोज दहा पेशंटना मी गोळ्या विचारते आणि तिला विचारलं नाही. सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि गुडघा दुमडून ओट्याजवळच पडली.

तिनं फोनवर जे सांगितलं होतं, त्यात सगळं होतं. जांघेत किंवा खालच्या पोटात एका बाजूला अचानक सुरू झालेली आणि तासातासानं वाढणारी कळ. पाय पोटाशी दुमडून, थोडा बाहेर वळवून ठेवला की बरं वाटणं, सरळ करायला गेलं की किंचाळावंसं वाटणं. मग मांडीची पुढची बाजू आणि नडगीची आतली बाजू घोट्यापर्यंत बधिर होते किंवा तिथे मुंग्या येतात. आणि मग गुडघा धरत नाही. जिना चढताना, खाली बसून उठताना पाय सटकन दुमडतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडत नाही.

कंबर धरली, मुतखडा, अपेंडिक्स : यांपासून हे वेगळं कसं ओळखायचं?

घरी बसून खात्रीनं ओळखता येत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करू नका. उजव्या बाजूला झालं तर अपेंडिक्स वाटतं. कुठल्याही बाजूला झालं तर मुतखडा वाटतो, आणि आपल्याकडच्या उन्हात मुतखडे इतके की डॉक्टरांच्या मनातही आधी तेच येतं. सायटिकाची कळ सहसा कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरते, ही पुढून. पण हा फरक डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे, घरी थांबण्यासाठी नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, एका बाजूची नवी कळ आहे आणि त्या पायाची ताकद कमी झाली आहे, एवढं एकत्र आलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर रात्रीच.

बाहेर तर काळंनिळं काहीच दिसत नाही. मग रक्त कसं असेल?

रक्त खोल आहे. निळसर डाग कमरेला किंवा मांडीवर उतरायला काही दिवस लागतात, कधी तो दिसतच नाही. या जागेत लिटरभर रक्त सहज मावतं. त्यामुळे चेहरा पांढरा पडणं, घाम, छातीत धडधड, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणं असतील तर नसेच्या आधी जिवाचा प्रश्न आहे.

जांघ सोडून आणखी कुठे असं होतं?

पाठीच्या कण्यात झालं तर ते सगळ्यात वाईट. मान किंवा पाठीत सुरी खुपसल्यासारखी कळ, मग काही तासांत दोन्ही पाय जड, लघवी तुंबते, बसायच्या जागेभोवती बधिरपणा. कण्याच्या नळीत जागा मुळातच थोडी, त्यात रक्त साठून मज्जारज्जू दबतो. इथे तास मोजायचे असतात. पहिल्या आठ-बारा तासांत दाब काढला तर पाय परत येण्याची शक्यता बरीच जास्त. ‘उद्या एमआरआय करू’ हे वाक्य इथे ऐकून घेऊ नका. कंबरेतून भूल देताना किंवा पाठीतलं पाणी काढताना गोळी चालू असल्याचं आधी सांगणं यासाठीच महत्त्वाचं.

हातात होतं ते मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफी केल्यावर, किंवा कोपरात, मनगटात रक्त काढताना सुई धमनीला लागल्यावर. हात दगडासारखा टणक होतो, बोटं हलकेच सरळ केली तरी असह्य दुखतं, बोटांना मुंग्या येतात. पोटरीतही असंच होऊ शकतं. इथेही थांबायला वेळ नसतो, स्नायूंवरचा पडदा कापून दाब मोकळा करावा लागतो.

कुल्ल्यात झालं तर सायटिक नस दबते. पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल गळून पडते आणि पेशंटला ते कळतही नाही. त्याचं मुख्य कारण पुढच्या प्रश्नात आहे.

डॉक्टरांकडे गेलं की कंबरेत सुई घ्यायची सवय आहे. चालेल ना?

नाही. या पानावर मला सगळ्यात जोरानं सांगायचंय ते हेच.

आपल्याकडे सुई घेतल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. माग बंद ठेवला तर मजुरी बुडते, म्हणून लोक ‘एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय’ म्हणतात आणि डॉक्टर मारतात. रक्त पातळ असताना कुल्ल्यातल्या जाड स्नायूत सुई गेली की आत रक्ताचं तळं होऊ शकतं, आणि त्याच स्नायूखालून सायटिक नस जाते. त्या सुईत बहुधा डायक्लोफिनॅक असतं. ते स्वतःच रक्तस्राव वाढवतं, जठरात जखम करतं. म्हणजे सुईनं एक नुकसान आणि औषधानं दुसरं. जांघेत आधीच रक्त साठत असताना ‘कळ थांबायला’ म्हणून दोन दिवस दोन सुया घेऊन आलेल्या मावशी मला अजून आठवतात. त्यांचं पाऊल नंतर वर्षभर उचललं नाही.

तुम्ही बोलायचं ते असं : ‘माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मला स्नायूत सुई नको, गोळी किंवा सलाईनमधून द्या.’ डॉक्टर रागावत नाहीत, उलट त्यांना सावध व्हायला मदत होते. लस किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंच लागलं तर दंडात, बारीक सुईनं घ्यायचं आणि नंतर दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. चोळायचं नाही.

अशी शंका आली तर आधी कुठे जायचं?

जिथे रक्त तपासणी, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी यांची सोय चोवीस तास आहे तिथे. सोलापूर शहरात सिव्हिलमध्ये आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत ती आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला या भागात असाल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नाडी-रक्तदाब बघून, सलाईन लावून पुढे पाठवतील. १०८ ची गाडी मोफत मिळते. मोटारसायकलवर मध्ये बसवून पेशंटला आणू नका. प्रत्येक खड्ड्याला ती मांडी ताणली जाते.

काहीजण थेट पुण्याला निघतात, कारण झडप तिकडे बसवलेली असते. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. तेवढ्या वेळात रक्त वाहत राहतं. आधी इथेच आयएनआर आणि हिमोग्लोबिन बघून रक्त गोठवायचे उपचार सुरू करा. हलवायचं असेल तर त्यानंतर, डॉक्टर डॉक्टरांशी बोलून ठरवतील.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य आजाराचं नसावं, गोळीचं असावं : कुठली, किती, शेवटची कधी घेतली. पट्टी आणि आयएनआरची वही सोबत ठेवा. रेशनकार्ड आणि आधारही घ्या. जनआरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्र सांगतात.

गोळी लगेच बंद करू का?

अशी लक्षणं असतील तर पुढचा डोस घेण्याआधी दवाखान्यात पोचा आणि निर्णय तिथे होऊ द्या. नुसत्या शंकेनं घरी बसून आठवडाभर गोळी सोडू नका. यांत्रिक झडपेवर गुठळी झाली तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाते. मी सोडा म्हणणार नाही, घ्या म्हणणार नाही. त्याच दिवशी दाखवा एवढंच म्हणेन.

तपासण्या कोणत्या करतात?

आयएनआर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, किडनीचं क्रिएटिनिन, रक्तगट. मग पोट आणि कमरेचा सीटी स्कॅन. साठलेल्या रक्ताचा गोळा कुठे आहे, केवढा आहे, अजून रक्त वाहतंय का हे त्यात दिसतं. सोनोग्राफीत मोठा गोळा दिसतो, लहान किंवा खोल असला तर सुटू शकतो, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणून पाय दुबळा असताना घरी परतू नका. कण्यासाठी एमआरआय. नव्या गोळ्या घेणाऱ्यांचा आयएनआर साधा आला तरी रक्त पातळ नाही असा अर्थ होत नाही.

नसेची तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, पहिल्या दिवशी फारशी उपयोगाची नाही. स्नायूतले बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा ती केली की नस नुसती सुन्न आहे की आतून तुटलीय ते कळतं.

उपचार काय? ऑपरेशन लागतंच का?

आधी रक्त गोठवायचं. वॉरफरिन-ॲसिनोकुमारॉलसाठी शिरेतून जीवनसत्त्व ‘के’ देतात. त्याचा परिणाम यायला काही तास लागतात, म्हणून सोबत प्लाझ्मा किंवा गोठवणाऱ्या घटकांचं तयार मिश्रण देतात. हेपरिनसाठी प्रोटामिन, डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब. हिमोग्लोबिन फार उतरलं तर रक्त चढवतात.

त्यापुढे डॉक्टरांमध्ये खरोखर मतभेद आहेत, आणि ते समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. हा आजार विरळा असल्यामुळे मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. गोळा लहान, ताकद बऱ्यापैकी असेल तर मांडीखाली उशी देऊन पाय दुमडून झोपवतात, रोज ताकद तपासतात आणि रक्त आपोआप शोषलं जाण्याची वाट बघतात. पाय झपाट्यानं दुबळा होत असेल, गोळा मोठा असेल किंवा वाढत असेल तर नळी घालून किंवा ऑपरेशन करून रक्त काढतात. रक्त चालूच असेल तर ती शीर आतून तार घालून बंद करण्याची पद्धतही आहे. माझ्या क्लिनिकमधून जे दिसतं त्यावरून माझं मत असं, की ताकद रोज कमी होत असताना नुसती वाट बघण्यात नस जाते. नातेवाईकांनी एवढं विचारावं : ‘काल गुडघा किती उचलत होता, आज किती?’

गोळी परत कधी सुरू करायची?

झडप, ठोके की पायातली गुठळी, यावर ते अवलंबून असतं. झडपवाल्यांना जास्त दिवस गोळीशिवाय ठेवता येत नाही. सुरुवातीला रुग्णालयातच लवकर उतरणारं हेपरिन देतात, मग गोळी. तारीख लिहून घ्या. डिस्चार्ज कागदावर ‘गोळी बंद’ एवढंच असेल आणि सुरू कधी ते नसेल तर ते विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.

नस परत येते का? किती दिवसांत?

बहुतेकांची बऱ्याच अंशी येते, पण वेग आपल्या हातात नसतो. नस नुसती दबून सुन्न झाली असेल तर आठवड्यांत ताकद येते. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, महिन्याला इंचभर. जांघेपासून मांडीच्या स्नायूपर्यंतचं अंतर मोजा म्हणजे महिने का लागतात ते कळेल. वर्ष-दीड वर्षापर्यंत सुधारणा होत राहते. नडगीच्या आतला बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, काहींचा राहतो.

आत्याचा गुडघा चौथ्या महिन्यात स्वतःहून सरळ उचलला. त्या दिवशी ती रडली, मीही. आज ती जिना चढते, उतरताना कठडा धरते.

बरी होताना नस जळजळते, विजेचा झटका बसल्यासारखं होतं. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन देतात. कार्बामॅझेपिन सुरू केलं तर आयएनआर उतरतो, म्हणून ते कोणी लिहिलं तर गोळीचं सांगा.

घरी कुठला व्यायाम करायचा?

रक्तस्राव थांबलाय असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आधी उताणं झोपून गुडघ्याखाली आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून पाच मोजायचे. हालचाल दिसली नाही तरी प्रयत्न करत राहायचा. नंतर त्याच गुंडाळीवरून टाच उचलायची. मांडी ताणायचा व्यायाम, पाय मागे खेचणं, पहिले काही आठवडे नाही.

गुडघा दगा देतो तोवर त्याला ब्रेस लावा. काठी चांगल्या पायाच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. देशी संडासात खाली बसून उठताना सगळ्यात जास्त माणसं पडतात. तिथे खुर्चीचा कमोड ठेवा आणि ओल्या फरशीवर पायपुसणं. रक्त पातळ असताना पडणं म्हणजे डोक्यातल्या रक्तस्रावाला आमंत्रण.

मालिश, शेक, नस बसवणं?

नको. तेल लावून जांघ रगडली की गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. ‘नस चढलीय, एका झटक्यात बसवतो’ म्हणणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नका. गरम शेकानं शिरा फुगतात. बधिर कातडीला चटकाही कळत नाही, म्हणून नंतरही तिथे गरम पिशवी ठेवू नका. मी आत्याला शेक सांगितला होता.

आयएनआर अचानक का वाढतो?

बहुतेक वेळा नव्या औषधानं. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल, गजकर्णावरचं फ्लुकोनॅझोल, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं कोट्रायमॉक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन. तोंड आल्यावर लावायचं मायकोनॅझोलचं जेलसुद्धा. असं काही सुरू झालं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर करा. टीबीचं रिफाम्पिसिन उलटं करतं, आयएनआर पाडतं. म्हणून डोस वाढवतात, आणि कोर्स संपला की वाढवलेला डोस अंगावर येतो. त्या महिन्यात दर आठवड्याला तपासा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरं, पण तेही पूर्ण डोसमध्ये बरेच दिवस घेतलं तर आकडा वाढतो. बिननावाच्या पुडीतली औषधं, काढे, चूर्णं यांत काय आहे ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ती टाळा. दारूनं आकडा खालीवर होतो आणि माणूस पडतो.

आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणखी एक कारण घडतं. पाणी कमी, जुलाब-उलटी, किडनीवर ताण. डॅबिगॅट्रान बहुतांशी किडनीतूनच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते रक्तात साठतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला क्रिएटिनिन करून घ्या.

मेथी, शेपू, पालक सोडायचं का? आणि शेंगाचटणी?

सोडू नका. या भाज्यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण डॉक्टर तुमच्या नेहमीच्या जेवणावर डोस बसवतात. आठवड्यात दोनदा भाजी खात असाल तर दोनदाच खा. घोटाळा होतो तो बदलानं. हरभऱ्याची कोवळी भाजी आली की रोज तीच, किंवा श्रावणात भाज्या बंद आणि महिनाभर साबुदाणा. पहिल्यात आकडा पडतो, दुसऱ्यात चढतो. शेंगदाण्यात हे जीवनसत्त्व जवळपास नाही, त्यामुळे भाकरीवर शेंगाचटणी खुशाल घ्या. ही सगळी पथ्यं वॉरफरिन-ॲसिनोकुमारॉलची. नव्या गोळ्यांना भाजीचं पथ्य नाही.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो. गोळी चालू आहे, पेलू का?

हा प्रश्न मला एका मध्यमवयीन भाविकानं विचारला आणि विचारताना त्याचे डोळे भरले होते. त्याच्या घरात तीन पिढ्यांची सेवा. पण ती काठी कमरेच्या जोरावर तोलायची, मैलोन्‌मैल चालायचं, उपास, सतत पोटाच्या आणि मांडीच्या त्याच स्नायूंवर ताण. मी त्याला नको म्हटलं, त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनीही. तो बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून ध्वजासोबत चालला आणि काठी त्याच्या मुलानं पेलली.

पंढरीला चालत जाणाऱ्यांना मी अडवत नाही. निघण्याआधी आयएनआर करा, गोळीची वेळ चुकवू नका, दिंडीत पाय चोळून देणाऱ्यांना नको म्हणा, आणि पाय दुखतोय म्हणून वाटेत सुई घेऊ नका.

दात काढायचाय. गोळी थांबवू?

एखाद्या दातासाठी बहुधा थांबवावी लागत नाही. आदल्या दिवशी आयएनआर करून दंतवैद्यांना दाखवा. जागेवरच रक्त थांबवण्याचे उपाय त्यांच्याकडे असतात.

खिशातल्या कार्डावर काय लिहावं?

गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, कशासाठी, आयएनआर किती ते किती ठेवायचाय, रक्तगट, घरचा एक नंबर. खाली ठळक अक्षरात ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये’. आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारे, अक्कलकोट बाजूला कन्नड बोलणारे बरेच आहेत. घरच्यांना जी भाषा वाचता येते तीत दुसऱ्या बाजूला तेच लिहा. आत्यानं तिचं कार्ड विडी कामगाराच्या ओळखपत्रासोबत एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं आहे, कारण ते पाकीट ती कधीच विसरत नाही.